तीन पाट्या आणि पाच महिने

टेक्सासमध्ये दुकान चालवणाऱ्याला आपल्या दुकानात कोणी बंदूक घेऊन येऊ नये असे वाटत असेल, तर कायदा त्याच्या बाजूने आहे, हे मी आज कागदोपत्री दाखवू शकते. मात्र हा हक्क दुकानाच्या काचेवर प्रत्यक्ष चिकटवायला मला पाच महिने लागले आणि त्यांपैकी चार महिने एकाच ऑफिसच्या उत्तराची वाट पाहण्यात गेले. इथे दुकान थाटणाऱ्या आपल्या माणसांपैकी कोणाचे तरी ते चार महिने वाचावेत, म्हणून हे लिहीत आहे.

डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये आमचे लहानसे दुकान आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, फरसाण आणि दुपारी पोळीभाजी, एवढाच आमचा व्यवसाय. २०२३ च्या गणपतीआधीच्या शनिवारी दुकानात बरीच गर्दी होती. माझी नऊ वर्षांची मुलगी खालच्या फळीवर मोदकांचे साचे मांडत बसली होती. आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक तिच्या शेजारी भाजणीचे पाकीट घ्यायला वाकले, तेव्हा त्यांचा शर्ट वर सरकला आणि कमरेच्या पट्ट्याला आतून अडकवलेले काळे पिस्तूल तिच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर आले. "आई, काकांकडे बंदूक आहे," ती मोठ्याने म्हणाली. त्या गृहस्थांनी शांतपणे शर्ट खाली ओढला, माझी क्षमा मागितली, पैसे दिले आणि ते निघून गेले.

त्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होते. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरील ज्या व्यक्तीला बंदूक बाळगण्यास कायद्याने मनाई नाही, तिला पिस्तूल जवळ ठेवण्यासाठी परवाना लागत नाही. पण चारच महिन्यांपूर्वी, ६ मे रोजी, आमच्यापासून गाडीने वीस मिनिटांवर असलेल्या ॲलनच्या बाजारसंकुलात एका बंदूकधाऱ्याने आठ जणांचे प्राण घेतले होते आणि त्यांत मूळची हैदराबादकडची एक तरुण अभियंतीही होती. तेव्हापासून दुकानाच्या दाराची घंटी वाजली की माझी नजर आधी येणाऱ्याच्या हातांकडे जात असे. ज्या जागेचे भाडे मी भरते, तिथे तरी ही धास्ती नको, असे मी त्या रात्री ठरवले.

सुरुवातीला मी एक चूक केली. पिस्तुलावर लाल फुली असलेले तळहाताएवढे चित्र मागवून मी ते दारावर लावले आणि काम झाले असे समजले. परवाना आता सक्तीचा नसला तरी तो काढता येतो आणि अशा परवानाधारकाच्या बाबतीत त्या चित्राला कायद्यात काहीही किंमत नाही. दंडसंहितेचे कलम ३०.०६ परवानाधारकाने लपवून आणलेल्या पिस्तुलाविषयी आहे, ३०.०७ त्याने उघडपणे बाळगलेल्या पिस्तुलाविषयी आहे आणि परवाना नसलेल्यांसाठी ३०.०५ आहे. म्हणजे सर्वांना मनाई करायची असेल तर तीन पाट्या हव्यात. पहिल्या दोन पाट्यांवरचा मजकूर कायद्यात दिला आहे तसाच, शब्दही न बदलता, छापावा लागतो. तिन्ही पाट्या इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत हव्यात, अक्षरे किमान एक इंच उंचीची आणि पार्श्वभूमीहून स्पष्ट वेगळ्या रंगाची हवीत आणि पाटी येणाऱ्याला सहज दिसेल अशी हवी. शिवाय ३०.०५ आणि ३०.०७ च्या पाट्या प्रत्येक प्रवेशद्वारावर लागतात. टेक्सास राज्य विधी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर याची उत्तम माहिती मिळते. मी ती एका संध्याकाळी वाचून काढली आणि पुढच्या आठवड्यात पाट्या लागतील असे घरी सांगूनही टाकले.

त्यानंतर भाडेकराराकडे लक्ष गेले. आमचे दुकान आठ गाळ्यांच्या रांगेत आहे आणि बाहेरच्या काचेवर काहीही लावण्यापूर्वी मालकाच्या व्यवस्थापन ऑफिसची लेखी परवानगी घ्यावी, असे करारात स्पष्ट आहे. मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ईमेल केला. उत्तरादाखल सहा पानांचा एक अर्ज आला, जो उघडच दुकानाच्या माथ्यावरील दिव्यांच्या मोठ्या पाट्यांसाठी बनवलेला होता. त्यात विजेचा भार किती, जोडणी करणाऱ्या कंत्राटदाराचा परवाना क्रमांक काय, भिंतीला किती छिद्रे पडणार, असे प्रश्न होते. मी प्रत्येक ठिकाणी "लागू नाही" असे लिहून अर्ज पाठवला. दोन आठवड्यांनी तो अपूर्ण म्हणून परत आला, कारण पाटी बसवणाऱ्याच्या विम्याचे प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. ही पाटी मी स्वतः, आतल्या बाजूने, साबणाचे पाणी आणि फडके घेऊन चिकटवणार आहे, हे फोनवर तीनदा सांगूनही उपयोग झाला नाही. शेवटी छपाई करणाऱ्या दुकानदाराला विनंती करून त्याच्या विम्याचा कागद मिळवला आणि जोडला.

मग तीन आठवडे काहीच उत्तर नाही. दिवाळी आली आणि गेली. फराळाच्या मागण्या पुऱ्या करता करता मी रोज सकाळी ईमेल उघडून पाहत होते आणि ते गृहस्थही दर शनिवारी येतच होते. नोव्हेंबरच्या शेवटी फोन आला, तो नकाराचा नव्हता, पण होकाराचाही नव्हता. इतकी मोठी अक्षरे पाहून संकुलातील इतर दुकानांची गिऱ्हाइके बिचकतील, तेव्हा अर्ध्या इंचाची अक्षरे घ्यावीत किंवा केवळ चित्र लावावे, असा सल्ला मला देण्यात आला. अर्ध्या इंचाच्या अक्षरांची पाटी कायद्याच्या अटीत बसतच नाही, हे मी कलमाच्या मजकुरासह लिहून कळवले. त्यावर आणखी दोन आठवड्यांनी नवा मुद्दा आला, की भाडेकरूने काचेचा पंचवीस टक्क्यांहून अधिक भाग झाकू नये.

हा मुद्दा मात्र करारात खरोखर होता, म्हणून मी तो गांभीर्याने घेतला. एका रविवारी दुकान बंद केल्यावर मी आणि माझ्या यजमानांनी काच मोजली. दार आणि दोन खिडक्या मिळून सत्त्याहत्तर चौरस फूट भरले, म्हणजे एकोणीस चौरस फुटांपर्यंत आम्हाला मुभा होती. ३०.०६ आणि ३०.०७ चे मजकूर लांबलचक आहेत. ते दोन भाषांत आणि एक इंची अक्षरांत बसवायचे तर प्रत्येकी दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच जागा लागते. ३०.०५ चा मजकूर आटोपशीर असल्यामुळे तीन चौरस फुटांत भागते. एकूण पंधरा झाले. परंतु काचेवर आधीच दुकानाच्या वेळा, पोळीभाजीचे दरपत्रक आणि दिवाळीच्या फराळाचे चित्र मिळून पाच चौरस फूट अडले होते. एका फुटासाठी गाडे अडले असते. मी फराळाचे चित्र काढून टाकले, वाणसामानाच्या खाकी कागदाचे त्या त्या मापाचे तुकडे कापून टेपने काचेवर लावले, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्रे घेतली आणि आकडेमोडीसह पाठवून दिली. ते खाकी कागद काचेवर जवळपास दोन महिने तसेच होते. येणारा प्रत्येक जण दुकान बंद होत आहे का, असे विचारत असे आणि प्रत्येकाला मी सगळी कथा सांगत असे.

याच काळात शेजारच्या गाळ्यातील केशकर्तनालयाच्या वयस्कर मालकांनी मला या पाट्या लावू नयेत असे कळकळीने सांगितले. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्सासमधील किलीन येथे एका उपाहारगृहात तेवीस जण मारले गेले. तिथे जेवायला बसलेल्या एका स्त्रीने, तेव्हाच्या कायद्याप्रमाणे, आपले पिस्तूल बाहेर गाडीत ठेवले होते आणि तिचे आईवडील त्या गोळीबारात गेले. पुढे ती विधिमंडळात निवडून आली आणि तिथेही तिने पिस्तूल बाळगण्याच्या हक्काची बाजू मांडली. १९९५ साली टेक्सासने परवान्यासह पिस्तूल लपवून बाळगण्यास मान्यता दिली, त्यामागे त्या घटनेचाही मोठा वाटा आहे. तुमच्या पाटीने फक्त कायदा पाळणारा माणूस निःशस्त्र होईल, असे कर्तनालयाच्या मालकांचे म्हणणे होते. मी त्यावर अनेक रात्री विचार केला. मारण्याच्या हेतूने आलेला माणूस पाटी वाचून परत जाणार नाही, हे मला मान्य आहे. माझी भीती मात्र त्या माणसाविषयी नाही. शनिवारी सकाळी पंचवीस माणसे आणि आठ-दहा मुले एवढ्याशा जागेत धक्काबुक्की करत उभी असताना कमरेचे पिस्तूल निसटण्याची, एखाद्या लहान मुलाच्या हाती लागण्याची, पार्किंगवरून झालेल्या भांडणात हात तिकडे जाण्याची भीती मला वाटते आणि ती मला पटण्याजोगी वाटते. कर्तनालयवाले काका अजूनही आमच्याकडूनच चकल्या नेतात.

जानेवारीत ऑफिसमधील आमची फाइल पाहणारी व्यक्ती बदलली. नवे अधिकारी फेब्रुवारीच्या मध्यावर स्वतः आले, त्यांनी आपली मोजपट्टी काढली, खाकी कागद मोजले, मी ऑक्टोबरमध्ये पाठवलेलाच आराखडा हातात घेऊन पाहिला आणि उभ्याउभ्या सही केली. या सगळ्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. त्या सहीने मला जितका आनंद झाला, तितकाच आधीच्या चार महिन्यांचा संताप आला. पण तेवढ्यावर संपले नाही. मागचा दरवाजा लोखंडी आहे आणि तो इमारतीचा भाग मानला जातो, त्यामुळे त्यावरच्या दोन पाट्यांसाठी पुन्हा वेगळा अर्ज करावा लागला. त्या दाराने गिऱ्हाइके येत नाहीत, केवळ माल येतो, परंतु कायद्यात "प्रत्येक प्रवेशद्वार" असे शब्द आहेत आणि उद्या कोणी त्यावर बोट ठेवू नये, म्हणून मी तोही अर्ज केला. ती परवानगी फेब्रुवारीच्या अखेरीस आली.

परवानगी हाती येईपर्यंत छपाई करू नका, हे खरे तर आधी सांगायला हवे होते. मी डिसेंबरमध्येच उतावळेपणाने एक पाटी छापून घेतली. आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या मेक्सिकोच्या ताईंनी तिचा स्पॅनिश मजकूर बोट ठेवून वाचला, तेव्हा त्यातला एक शब्द गळला असल्याचे त्यांच्या लक्षात आले. मजकूर शब्दशः तोच हवा असल्यामुळे ती पाटी वाया गेली. दुसरे असे, की पारदर्शक कागदावर पांढरी अक्षरे दिवसा सुंदर दिसतात, परंतु संध्याकाळी आतले दिवे लागल्यावर बाहेरून वाचताच येत नाहीत. मी सात वाजता रस्त्यापर्यंत जाऊन पाहिले आणि काळ्या पार्श्वभूमीची पाटी निवडली.

पाटी लागल्यावरचा नियमही कामगारांना समजावून सांगावा लागतो. पाटी असताना कोणी पिस्तूल घेऊन आत आले तर तो किरकोळ गुन्हा आहे आणि त्यासाठी कमाल दोनशे डॉलर दंड आहे. परंतु त्याला तोंडी सांगूनही तो बाहेर गेला नाही, तर तोच गुन्हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा आणि चार हजार डॉलरपर्यंतच्या दंडाचा होतो. म्हणून एकदाच, सौम्य शब्दांत सांगायचे आणि ऐकले नाही तर वाद न घालता पोलिसांना बोलवायचे, असे मी सर्वांना लिहून दिले आहे. पोलीस अधिकाऱ्याला, तो कामावर नसला तरी, अडवता येत नाही. आपल्या कामगाराने स्वतःच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक ठेवली असेल, तर पार्किंगमध्ये तिला मनाई करण्याचा अधिकारही मालकाला नाही.

हवाई राज्याने २०२३ साली टेक्सासच्या नेमका उलट नियम केला. तिथे जनतेसाठी खुल्या असलेल्या खाजगी जागेत मालकाची परवानगी असल्याशिवाय पिस्तूल नेता येणार नाही, असे ठरले आणि त्यावरचा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टेक्सासमध्ये मात्र मनाई करण्याचे काम दुकानदाराचेच आहे. म्हणून गाळा घेताना, भाडेकरारावर सही करण्यापूर्वी, "दंडसंहितेच्या कलम ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ प्रमाणेच्या पाट्या लावण्यास भाडेकरूला वेगळी परवानगी लागणार नाही" एवढे एक वाक्य त्यात घालून घ्या. आमच्या कराराचे नूतनीकरण झाले, तेव्हा मी ते घालूनच सही केली.

ते गृहस्थ पहिल्या शनिवारी दारापर्यंत आले, उभे राहून तिन्ही पाट्या वाचल्या आणि परत गेले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. पिस्तूल गाडीत ठेवून जाणे त्यांना चोरीच्या भीतीने योग्य वाटत नाही, त्यामुळे ते आत येणार नाहीत, पण भाजणी आणि मेतकूट बाहेर आणून देता येईल का, असे त्यांनी विचारले. आता दर शनिवारी साडेदहाला त्यांची गाडी समोर थांबते आणि मी पिशवी घेऊन बाहेर जाते.