तिला विचारलं का?

आज मीटिंगमध्ये सर्व्हर मायग्रेशनची जबाबदारी कुणाकडे द्यायची, यावर चर्चा चालली होती. तीन महिन्यांचं काम, रात्रीचे कॉल, अधूनमधून प्रवास. जुन्या सिस्टिमचा कोपरान् कोपरा जिला माहीत आहे, तिचं नाव मी घेतलं. सर लगेच म्हणाले, "नको, तिचं बाळ लहान आहे. उगाच ओढाताण होईल." अगदी मायेने म्हणाले. मग ज्याचं नाव पुढे आलं, त्याची मुलगीही आठच महिन्यांची आहे. त्याच्या ओढाताणीचा विषय कुणी काढला नाही.

मी विचारलं, "पण तिला विचारलं का?" दोन क्षण सगळे गप्प. मग पुढचा मुद्दा.

सर मनाने वाईट नाहीत, म्हणूनच जास्त लागलं. काळजीपोटी संधी काढून घेतली, तर भांडायचं तरी कुणाशी? २०१२ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दिला, काहींना पुरुषाच्या नावाने, काहींना बाईच्या. पुरुषाचं नाव असलेला उमेदवार जास्त सक्षम ठरला, पगारही त्यालाच जास्त सुचवला गेला. आणि स्त्री प्राध्यापकांनीही तेच केलं! (हे वाचल्यापासून अप्रेझलमध्ये मी लिहिलेले जुने शेरे पुन्हा काढून बघतेय.)

संध्याकाळी तिच्या डेस्कपाशी गेले. मायग्रेशनमध्ये कुठे काय अडेल, याची दोन पानी यादी तिने आधीच करून ठेवली होती. उद्या सकाळी ती स्वतः सरांशी बोलणार आहे. मी सोबत जातेय.