सिनेटपुढे रेल्वे येते कोणत्या वाटेने?

धुळ्यात वाढलेल्या माझ्या पिढीने मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाचे नाव शाळेत असल्यापासून ऐकले आहे, आणि धुळे स्थानकातून मात्र आजवर चाळीसगावकडे जाणारा एकच फाटा पाहिला आहे. २ सप्टेंबर २०२४ रोजी ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला १८,०३६ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्याच वेळी, दोन-तीन निवडणुका उलटेपर्यंत चालणाऱ्या अशा कामावर संसदेत सातत्याने लक्ष कोण ठेवते, हा प्रश्नही पडला. त्याचा शोध घेताना मी कॅनडाच्या संसदेचे वरचे सभागृह असलेल्या सिनेटविषयी वाचू लागलो.

सिनेटचे १०५ सदस्य निवडून येत नाहीत. पंतप्रधानांच्या सल्ल्याने गव्हर्नर जनरल त्यांची नेमणूक करतात आणि वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत ते पदावर राहू शकतात. मतांची चिंता नसलेल्या आणि जुने निर्णय लक्षात असलेल्या अशा सदस्यांनी रेल्वेसारखा विषय तपासावा, हे मला योग्य वाटते. प्रत्यक्षात मात्र त्यांच्यापुढे रेल्वे येण्याची वाट फार अरुंद आहे. तेथील राष्ट्रीय प्रवासी सेवा असलेल्या ‘व्हिया रेल’ची उभारणी स्वतंत्र कायद्याने झाली नाही. सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या १९७७ च्या विनियोजन कायद्यातील नाममात्र एक डॉलरच्या तरतुदीतून तिला आधार मिळाला. त्यामुळे १९८१ मध्ये तिच्या सेवांपैकी सुमारे पाचवा हिस्सा आणि १९९० मध्ये जवळपास निम्म्या गाड्या बंद झाल्या, तेव्हा हे निर्णय मंत्रिमंडळाच्या पातळीवरच घेता आले. जे विधेयक सभागृहात आलेच नाही, त्यात दुरुस्ती सुचवण्याची संधी सिनेटला कोठून मिळणार?

उरते ती समिती. सिनेटची परिवहन आणि दळणवळण समिती मंत्री, रेल्वेचे अधिकारी, नगरपालिकांचे प्रतिनिधी आणि शेतकरी यांची साक्ष घेऊन अहवाल देऊ शकते. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण सिनेटने अहवालावर उत्तर मागितल्यास सरकारला ते १५० दिवसांत द्यावे लागते. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये टोरांटो ते क्यूबेक सिटी या सुमारे १,००० किलोमीटरच्या अतिवेगवान मार्गाची घोषणा झाली आणि पहिल्या सहा वर्षांच्या आखणीसाठी ३.९ अब्ज डॉलर ठेवले गेले. पीटरबरो आणि ट्रुआ-रिव्हियेर या शहरांना थांबे मिळणार आहेत, परंतु ज्यांच्या शेतांमधून रूळ जातील आणि ज्यांच्या गावी गाडी थांबणार नाही, त्यांचे म्हणणे ऐकण्याची जागा अशी समितीच असू शकते.

आपली राज्यसभा वेगळ्या घडणीची आहे. २४५ पैकी केवळ १२ सदस्य नामनिर्देशित असतात, बाकीचे निवडून येतात. तरीही रेल्वेच्या पैशाबाबत तिची स्थिती सिनेटहून फारशी भक्कम नाही, कारण अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाच्या प्रस्तावांवर, मतदान फक्त लोकसभेत होते. २०१७ पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्पही राहिलेला नाही, त्यामुळे नव्या मार्गांवर होणारी ठळक चर्चाही पूर्वीइतकी राहिली नाही. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीतील ३१ सदस्यांपैकी १० राज्यसभेचे असतात, आणि वरच्या सभागृहाचा खरा हात येथेच पोहोचतो.

म्हणून या समितीकडे माझी एक नेमकी मागणी आहे. तिने मनमाड–इंदूर मार्गाच्या बोरविहीर–नरडाणा टप्प्यावर येऊन किती जमीन ताब्यात आली, किती मोबदला वाटला गेला आणि किती रक्कम खर्च झाली हे दरवर्षी विचारावे, आणि त्या सुनावणीला जमीन दिलेल्या शेतकऱ्यांना साक्षीदार म्हणून बोलवावे.