कॉलर पलटली: आठव्या महिन्याचा हिशोब

मंडळी, महिन्याला पाचशे रुपयांतच कपडे, शिलाई, इस्त्री, बूटपॉलिश भागवायचं ठरवलंय. मे संपला, म्हणजे त्याचा आठवा महिना. या महिन्यात एकही नवा कपडा घेतला नाही, तरी ऑफिसात दोघांनी विचारलं, शर्ट नवा घेतला का?

तो शर्ट पाच वर्षांचा आहे. फिकट निळा, सुती. कॉलरच्या घडीवर दाढीचे खुंट घासून धागे निघाले होते. लातूरच्या गंजगोलाईजवळच्या आमच्या टेलर चाचांना दाखवला. ते म्हणाले, "कापडाला काय झालंय? कॉलर पलटून देतो." मी स्टुलावर बसून सगळं पाहिलं. त्यांनी ब्लेडच्या टोकानं कॉलर आणि खालची पट्टी यांच्यामधली शिवण एकेक टाका करत उसवली, कॉलर मोकळी करून उलटी धरली, दोन्ही टोकं जुळवली आणि जुन्या टाक्यांच्या भोकांवरूनच मशीन मारली. विरलेली बाजू खाली गेली. आता वर आलेल्या बाजूला इतकी वर्षं ऊनच लागलं नव्हतं, त्यामुळं ती शर्टापेक्षा किंचित गडद आहे. नाकाजवळ धरलं तरच कळतं. साठ रुपये लागले. या आठ महिन्यांत पैशाचं इतकं चीज कशातच झालं नाही. फक्त एक बघा: काही कॉलरींना खालून प्लास्टिकच्या काड्या घालायचे कप्पे असतात. तसली कॉलर पलटली की कप्पे वर दिसतात.

जुना कपडा सुधारायचा तर मुळात खांदा बरोबर हवा. शिवण खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे. बाही, लांबी, बाजू आत घेता येतात, पण खांद्याला हात घातला की बाही उसवा, मुंढा (बाही जोडायचा काप) पुन्हा कापा, आणि मजुरी शर्टाच्या किमतीला भिडते. म्हणून खांदा चुकलेला शर्ट मी शंभर रुपयांतही घेत नाही. पँट मात्र दुकानातच उलटी करून मागच्या मधल्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, किती सोडलीय ते बघायचं. इंच-दीड इंच असेल तर पोट सुटलं तरी पँट चालते. जीन्समध्ये ही सोय नाही.

आता ऑक्टोबरमधल्या नुकसानीबद्दल. गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर सूट असते, तेव्हा नांदेडच्या खादीचं कापड आणलं होतं. तिथं तिरंग्याचंही कापड तयार होतं, त्या खादीवर माझा फार जीव. घाईत ते तसंच शिवायला टाकलं आणि पहिल्याच धुण्यात बाही इंचभर वर गेली. फार वाईट वाटलं. विणताना ताणलेलं सूत पाण्यात पडलं की सैल होऊन आखडतं, एवढंच त्याचं कारण. आता कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवतो, न पिळता सावलीत वाळवतो, मगच टेलरकडे देतो. छत्तीस इंच पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टासाठी अडीच मीटर घेतो, आटण्याचा हिशोब त्यातच.

पांढऱ्या रंगाबद्दल माझं मत पक्कं झालंय. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, क्षारांशी मिळून त्याचा चिकट साका होतो आणि तो कापडात बसतो. वर्षभरात पांढरा शर्ट मळकट राखाडी दिसायला लागतो. तो उजळ ठेवायचा तर पुन्हा पुन्हा खळबळावा लागतो, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात बादलीभर जास्तीचं पाणी ओतताना हात थांबतो. लग्नकार्यापुरता एक पांढरा ठेवलाय. रोजला फिकट निळा, राखाडी, बदामी. तिन्ही रंग माझ्या दोन्ही पँटींवर जातात.

इस्त्री घरीच. कापड किंचित ओलं असतानाच फिरवायची, आधी कॉलर, मग कफ, अंग सगळ्यात शेवटी. खादीला भाताच्या पेजेची पातळ खळ देतो. चाळिशी पार केलेल्या उन्हातही ती अंगाला चिकटत नाही.

बुटांचं या महिन्यात काही केलं नाही.

आता दुसऱ्या शर्टाचे कफ विरलेत. चाचा म्हणतात, डावा कफ उलटून उजव्या बाहीला आणि उजवा डाव्याला लावला की काज जागच्या जागी येतं, पण मजुरी दुप्पट. नाहीतर कापून अर्धी बाही करू. कुणी कफ असे पलटून घेतले असतील तर घडी नीट बसली का ते सांगा. सोमवारी चाचांना उत्तर द्यायचंय.