तीन अष्टमांश इंच

अमेरिकेतील एका व्यावसायिक फुटबॉल संघाच्या खेळाडू-निवड विभागात मी विश्लेषक आहे. सांगलीला माझ्या वडिलांच्या लेखी फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, त्यामुळे मुलगा इंचपट्टी घेऊन तरुणांचे हात मोजतो हे ते सहसा कोणाला सांगत नाहीत.

एप्रिलच्या अखेरीस होणाऱ्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत मिळून अडीचशेच्या वर महाविद्यालयीन खेळाडू निवडले जातात आणि एका संघाच्या वाट्याला साधारण सातजण येतात. त्या वर्षी आमची गरज उघड होती. आमच्या लेफ्ट टॅकलचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला सांभाळणाऱ्या फळीत डाव्या टोकाला उभ्या राहणाऱ्या खेळाडूचा, करार संपत आला होता आणि त्याच्या गुडघ्यावर दुसरी शस्त्रक्रिया झाली होती. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे उघडी पडते आणि त्याला न दिसणारा हल्ला तिकडूनच येतो, म्हणून ही जागा रिकामी ठेवून चालत नाही.

टॅकलच्या हाताची लांबी हा आमच्या धंद्यातील जुना वाद आहे. ज्याचा तळवा समोरच्याच्या छातीवर आधी पोहोचतो, त्याच्या मर्जीने पुढची झटापट होते, एवढे त्यामागचे तर्कशास्त्र. चौतीस इंच असले की सगळे खूश, तेहेतिसाच्या खाली गेले की ‘याला आत सरकवा, गार्ड करा’ असे म्हणायची पद्धत. गार्ड म्हणजे त्याच फळीत टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहणारा. टॅकल जो थॉमस याचा हात साडेबत्तीस इंच होता. २००७ साली तो तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, एकही स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारा डाव) न चुकवता सलग १०,३६३ स्नॅप खेळला आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. हे आमच्या खोलीतील प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि प्रत्येक जण ‘तो अपवाद’ म्हणून पुढच्या नावाकडे वळतो.

ज्याच्याविषयी लिहितो आहे तो मुलगा एका लहान महाविद्यालयाचा. इंडियानापोलिसच्या कम्बाइनला, म्हणजे सगळ्या संघांसमोर होणाऱ्या चाचणीला, त्याला बोलावणे नव्हते. खेळाडू हेरणाऱ्या आमच्या त्या भागाच्या स्काउटांनी मात्र त्याला तीन वर्षे पाहिले होते. गृहस्थ साठीला आलेले, वर्षातील निम्म्या रात्री महामार्गालगतच्या मोटेलांत काढणारे, आणि अहवाल इतके त्रोटक लिहिणारे की नव्या मंडळींना ते आळशी वाटतात. त्यांनी लिहिले होते, ‘पाय कधी थांबत नाहीत. मार खाल्ल्यावर पुन्हा बसतो.’ बसतो म्हणजे कंबर खाली नेऊन वजन पेलतो. मी त्याच्या सहा सामन्यांची चित्रफीत पाहिली, तीही दूरदर्शनवरची नव्हे, तर उंचावरून बावीसही खेळाडू दिसतात ती. मागे सरकताना त्याचा बाहेरचा पाय पडायचा तेव्हा आतला आधीच हललेला असायचा, आणि दोन्ही टाचा एकमेकींजवळ येत नसत. एवढे नीटस पदलालित्य मोठ्या विद्यापीठांच्या मुलांतही क्वचित दिसते.

मार्चमध्ये त्याच्या महाविद्यालयात प्रो डे, म्हणजे संघांच्या लोकांनी तिथे येऊन मुलांची चाचणी घ्यायचा दिवस, होता. लोक ज्या चाळीस यार्डांच्या धावेसाठी वेडे होतात ती टॅकलच्या बाबतीत जवळपास निरुपयोगी आहे. आम्ही पहिल्या दहा यार्डांचा वेळ तेवढा घेतो. मोजमापे त्याआधी होतात. एक स्काउट मोजून आकडा मोठ्याने सांगतो आणि बाकीचे सगळ्या संघांचे लोक तो लिहून घेतात. उंची चार अंकांत लिहितात: ६०४५ म्हणजे सहा फूट, चार इंच आणि पाच अष्टमांश. हात आडवा ताठ धरायला सांगून खांद्याच्या टोकाच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. त्या दिवशी मदतीला कोणी नव्हते, म्हणून खांद्याकडचे टोक मी धरले. आकडा आला ३२ ५/८.

आदल्या वसंतात झालेल्या मोजणीत तोच हात ३३ १/८ होता. माणसाचा हात वर्षभरात आखडत नाही. मुलाने खांदा मागे ओढला असेल, पहिल्या मोजणाऱ्याने हाड वर धरले असेल, किंवा माझे बोट हाडाच्या किंचित खाली दाबले गेले असेल. मापात पाप कोणाचे, हे मला आजही सांगता येत नाही. पुन्हा मोजा, असे मी म्हटले नाही. रांगेत अकरा मुले उभी होती आणि मी तिथे नवखा होतो.

आमच्या माहितीकोशात नवे माप आले की जुने मागे जाते, आणि तेहेतीस इंचांखालचा टॅकल आपोआप गार्डांच्या यादीत पडतो. हे दोन्ही नियम मीच लिहिले होते. पहिल्याचा मला अभिमानही होता, कारण त्याआधी एकेका खेळाडूची चार-चार मापे कागदोपत्री भटकत असत.

ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी, चौथ्या फेरीत, आमची पाळी आली. त्या फेरीत निर्णयाला पाच मिनिटे मिळतात. प्रशिक्षकांनी शिल्लक टॅकल मागितले, मी यादी पडद्यावर टाकली, सहा नावे आली. त्याचे नाव गार्डांत अकरावे होते आणि गार्डांची यादी कोणी मागितली नव्हती. विभागीय स्काउट आमच्याकडे मागच्या रांगेत बसतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. हा रिवाज कोणत्या शहाण्याने पाडला कोण जाणे. साडेतीन मिनिटांनी त्या मुलाला पाहिलेले आमचे स्काउट उठून ‘तो मुलगा कुठे आहे?’ असे म्हणाले, तोवर वरिष्ठांनी फोन उचलला होता. आम्ही ३४ १/४ इंच हाताचा टॅकल घेतला. नऊ निवडींनंतर स्काउटांनी हेरलेला तो मुलगा दुसऱ्या संघाने नेला.

आमच्या लांब हातवाल्याला पुढच्या ऑगस्टमध्ये सोडून दिले. ही गोष्ट इथे संपली असती तर मी सरळ स्वतःला दोषी धरून मोकळा झालो असतो. परंतु त्या दुसऱ्या संघाने त्या मुलाला गार्डच केले आहे, म्हणजे माझा नियम जे सांगत होता तेच. गेल्या हंगामात त्यांचा टॅकल जखमी झाल्यामुळे तो दोन सामने डावीकडे बाहेर खेळला. चेंडू फेकण्याच्या ७१ डावांत तो तीनदा हरला.

ते तीन डाव मी आणि ते स्काउट एका दुपारी शेजारी बसून पाहिले. दोन डावांत मला हात अपुरा पडलेला दिसला; त्यांना त्याच दोन डावांत पाऊल उशिरा पडलेले दिसले. चित्रफीत थांबवत, मागे नेत आम्ही तासभर घालवला आणि दोघेही हटलो नाही. तिसऱ्याबद्दल मात्र लगेच एकमत झाले: त्या वेळी चेंडू हलल्याचे त्याला कळलेच नव्हते.