तुम्ही विचारलंत म्हणून: तुमची मुलगी कोपऱ्यात का उभी असते

"मॅडम, लेकरू एवढं चपळ आहे, मग चढाईला का पाठवत नाहीत? कोपऱ्यात का उभं करायलात?" परभणी असो की लातूर, कबड्डीचा सामना संपला की हा प्रश्न येतोच. आज नीट सांगते.

कोपरा म्हणजे शिक्षा नाही. चपळ पोरगीच तिथं लागते. मुलींच्या मैदानाची आपली बाजू ६ मीटर खोल. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान रेषा, म्हणजे चढाईवालीनं निदान एवढी तरी ओलांडायची ती रेषा, तिथून १ मीटरवर बोनस रेषा, मागे उरतात २ मीटर. चढाईवालीला निदान रेषेच्या अलीकडे धरलं तर ती अंग झोकून देते आणि तिचा हात मध्यरेषेला लागतो, म्हणजे ती सुटली. तिला खोलातच धरावं लागतं, आणि तिथं पहिली पोचते ती कोपऱ्यातली. टीव्हीवर इराणचा फजल अत्राचली डाव्या कोपऱ्यात दिसतो, तेव्हा त्याला चढाईला पाठवा असं तुम्ही म्हणत नाही.

सुरुवातीचे दोन महिने पकड शिकवत नाही, याचाही तुम्हाला राग आहे. मी उभं राहणं शिकवते. पाय खांद्याएवढे रुंद, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. टाचेवर वजन गेलं की निघायला उशीर झालाच. नजर चढाईवालीच्या कमरेवर, कारण हात आणि डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. सरकताना पायावरून पाय टाकायचा नाही. कोपरा आणि इन, म्हणजे तिच्या शेजारी आतल्या बाजूला उभी असलेली, हात धरून असतात; एक सरकली आणि दुसरी जागेवर राहिली की साखळी ताणते आणि मध्ये वाट उघडते. मातीवर पाय घसरून सुटतो, मॅटवर बुटाचा तळ चिकटतो. मातीवरची गिरकी मॅटवर घेतली की गुडघा पिळतो, म्हणून आधी छोटी पावलं.

पूर्वी मी पहिल्या आठवड्यातच घोटा धरायला शिकवायचे. त्याचं काय झालं ते एका चढाईत दिसलं.

आमची एका गुणाची आघाडी, शेवटची चढाई. समोरच्यांच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या, म्हणजे गुणाविना गेलेल्या, म्हणजे या तिसरीत गुण घेतला नाही तर चढाईवालीच बाद. आमच्या पाच जणी मैदानात. बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण मिळतो तो समोर सहा किंवा सात जणी असतील तरच, म्हणजे तीही भीती नाही. मागे सरकून ३० सेकंद काढायचे, एवढंच काम. चढाईवालीनं उजवा पाय बोनस रेषेकडे लांबवला. वजन मागच्या पायावर होतं, कंबर हललीसुद्धा नव्हती. आमच्या डाव्या कोपऱ्यानं झेप घेतली. पाय मागे गेला, हातात माती आली. साखळीतली इन तिच्यासोबत ओढली गेली. चढाईवालीनं एकीच्या खांद्याला, दुसरीच्या पाठीला हात लावला आणि परत गेली. दोन गुण. एका गुणानं हरलो.

मैदानाबाहेर सगळे त्या पोरीला बोलले. पण "पाय दिसला की धर" हे वाक्य माझं होतं. तिची पकड चांगलीच होती: दोन्ही हातांनी घोटा, छातीशी ओढ, खांदा मांडीला, हनुवटी आत. आपण किती उरलो, चढाई कितवी, आघाडी किती, हे झेपेआधी मोजायला मी शिकवलंच नव्हतं.

आता सरावात प्रत्येक चढाईआधी कोपऱ्यातलीनं या तीन गोष्टी मोठ्यानं बोलायच्या. मग दहा चढाया अशा, की कुणी पकड करायचीच नाही, फक्त सरकायचं. मुलींना हे अजिबात आवडत नाही.

पूर्वीची मी यावर म्हणेल, मोजत बसलेली पोर बिचकते. खरं आहे. काहींची झेप आता किंचित उशिरा पडते, आणि उशिराच्या झेपेत चढाईवालीचा गुडघा डोक्यावर बसतो. त्यावर उपाय मला अजून सापडलेला नाही.

तुमचंही एक म्हणणं मला खोडता येत नाही. निवड चाचणीत एका चढाईत तीन गुण आणणारी लगेच दिसते; योग्य जागी उभी राहून चढाई रिकामी घालवणारी दिसत नाही. म्हणून आठवड्यातले दोन दिवस सगळ्यांना चढाई देते. ते पुरतं का, सांगता येत नाही.

एकदा सरावाला या. कडेला उभं राहून चिकाटीनं एकच बघा: चढाईवाली आत शिरते तेव्हा तुमच्या मुलीच्या टाचा जमिनीला लागल्यात का.