मये तलावाला जाताय? मग सप्तकोटीश्वराच्या वाटेने जा

गोव्यातला मये तलाव म्हटलं की पर्यटकांना पॅडल बोट, बंजी जंपिंग आणि काठावरचं पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट एवढंच आठवतं. डिचोलीच्या रस्त्याने यायचं, जेवायचं, बोटीत बसायचं आणि परत फिरायचं. पण तलावाच्या आसपासच्या टापूत कदंब राजे, पोर्तुगीज, शिवाजी महाराज, संभाजीराजे या सगळ्यांच्या खुणा दगडात शाबूत आहेत. फक्त त्या सुट्या सुट्या पाहिल्या तर हाती फारसं लागत नाही. त्यांना एका धाग्यात ओवणारा देव आहे, सप्तकोटीश्वर. तो ज्या वाटेने नदी ओलांडून आला, त्याच वाटेने मयेला जावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

कोल्हापूरहून काका-काकू आले होते. काकांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे त्यांना नुसती बोट दाखवून भागणार नव्हतं. पणजीहून सकाळी लवकर निघालो आणि जुने गोवे गाठलं. व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलं की दिवाडी बेटाच्या फेरीबोटीचा धक्का लागतो. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, गाडीला मामुली पैसे पडतात. सुट्टे जवळ ठेवा. आणि ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी हा बेत अजिबात करू नका. त्या दिवशी दिवाडीवर बोंदेरां असतो आणि फेरीला भलीमोठी रांग लागते. या सणाचं मूळही खुणांतच आहे. दोन वाड्यांचा हद्दीवरून तंटा झाला, हद्द दाखवायला झेंडे रोवले, आणि लोकांनी ते दगड मारून पाडले, असं सांगतात.

दिवाडीवर आधी पियदादच्या टेकडीवर चढा. वर चर्च आहे आणि शेजारी दफनभूमी. तिथल्या लहानशा चॅपेलमध्ये कदंबकालीन कोरीवकामाचे अवशेष टिकले आहेत. इथे गणपतीचं देऊळ होतं. तो गणपती स्थलांतर करत शेवटी खांडोळ्याला स्थिरावला. टेकडीवरून नदीपलीकडे जुन्या गोव्याच्या चर्चांचे मनोरे दिसतात. दफनभूमीत आवाज खाली ठेवा, कुणी प्रार्थनेला आलेलं असतं.

तिथून बेटाच्या उत्तरेला जुन्या नार्व्याकडे जायचं. सप्तकोटीश्वराचं मूळ ठाणं हे. ज्यांच्या नावाने गोव्याची एसटी धावते, त्या कदंबांचं हे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर सप्तकोटीश्वराचं नाव असे. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत देऊळ पडलं. पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्याने लिंगाची पुन्हा स्थापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते परत पाडलं. आता तिथे कोटितीर्थाचं तळं आहे, चिऱ्यांच्या पायऱ्या आणि भिंतीतले कोनाडे. पायऱ्यांवर शेवाळ धरतं, म्हणून चामड्याच्या गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. काकू वरच थांबल्या आणि त्यांनी तेच योग्य केलं. पावसाळ्यात तर वरूनच बघावं.

नार्व्याची फेरी धरली की काही मिनिटांत पलीकडचा काठ. हे पाणी ओलांडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: दिवाडी पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि समोरची डिचोली नव्हती. डिचोली त्यांच्या हाती कायमची गेली ती 1781च्या सुमाराला, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षांनी. म्हणून माणसांनी लिंग गुपचूप नदीपार नेलं. गोव्यातली कितीतरी दैवतं अशीच नदी ओलांडून गेली आहेत, पण दोन्ही ठिकाणं एका सकाळीत, एका फेरीच्या अंतरावर पाहायला मिळणं विरळाच.

या पलीकडच्या काठावरच्या नार्व्यातलं देऊळ कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, सावलीत, उताराखाली आहे. मोठ्या शिखराची अपेक्षा ठेवून जाल तर आधी नजर शोधत राहील. बसकं छप्पर, घुमट, पुढे दीपस्तंभ, मागे डोंगराची भिंत. आत धारालिंग आहे, म्हणजे पैलू पाडलेलं शिवलिंग. पण खरी थांबायची जागा दारावर आहे. तिथे शिलालेख आहे. शके 1590, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, आणि पुढे ‘श्रीशिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः’. इंग्रजी तारीख 13 नोव्हेंबर 1668. आदल्याच वर्षी महाराजांची बारदेशावर स्वारी झाली होती आणि पोर्तुगिजांशी तह झाला होता. तहाची शाई वाळते न वाळते तोच, पोर्तुगिजांच्या हद्दीसमोर, त्यांनीच पाडलेल्या देवाचं देऊळ उभारायची आज्ञा! काकांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर बोट न लावता वाचलं. ‘शिवराज्ञा’ला आवाज थोडा अडकला. वर्गात त्यांनी किती मुलांना हे सन सांगितले असतील, दगडावर मात्र ते पहिल्यांदा बघत होते.

या शिलालेखाला हात लावू नका आणि त्यावर कुंकू-पाणीही नको. फोटो काढायचा तर भटजींना विचारून, गाभाऱ्याकडे कॅमेरा न वळवता. अक्षरं नीट वाचायची असतील तर फ्लॅश मारू नका, मोबाइलची बॅटरी बाजूने तिरकी धरा. सावली पडली की खोदलेल्या रेघा उठून दिसतात. राज्य सरकारने देवळाचा जीर्णोद्धार करून फेब्रुवारी 2023मध्ये ते पुन्हा खुलं केलं, त्यामुळे वाट, पायऱ्या, आवार सगळं व्यवस्थित आहे. वयस्कर माणसांनाही जमतं. दुपारच्या पूजेनंतर गाभारा बंद असू शकतो, म्हणून बाराच्या आत पोहोचा. पूर्ण अंगभर कपडे घाला. गोकुळाष्टमीला नार्व्याला तीर्थस्नानाची गर्दी असते. भाविक म्हणून जायचं तर जरूर जा, लेख वाचायला वेगळा दिवस निवडा.

इथून मये तलाव गाडीने दहा-पंधरा मिनिटं. आता जेवा, बोटीत बसा, दोन तास काढा. डोंगरांच्या कुशीतलं तळं सुंदर आहे आणि उन्हाच्या वेळी विसाव्याला याच्यासारखी जागा नाही. शनिवार-रविवारी मात्र रिसॉर्टच्या जेवणाला उशीर होतो. मुलं बरोबर असतील तर डबा घ्या, पण कचरा परत न्या. गावाबद्दल दोन गोष्टी जाणून तिथे बसावं. लोककथेतल्या सात बहिणींपैकी महामाया ही मयेची. तिचीच एक बहीण मीराबाई म्हापशाला मिलाग्रिस सायबीण, म्हणजे ख्रिस्ती देवमाता, झाली, आणि तिच्या फेस्ताला आजही हिंदू-ख्रिस्ती दोघेही तेल घेऊन जातात. दुसरी गोष्ट जमिनीची. पोर्तुगीज काळात हे गाव एका कोंदाच्या, म्हणजे सरंजामदाराच्या, मालकीचं होतं. 1961ला गोवा मुक्त झाला, पण इथल्या जमिनीवर स्थलांतरितांची, म्हणजे देश सोडून गेलेल्यांची, मालमत्ता असा शिक्का राहिला. स्वतःच्या घराखालच्या जमिनीच्या हक्कासाठी मयेकरांना पुढे कित्येक दशकं झगडावं लागलं. 2014मध्ये विधानसभेला त्यासाठी कायदा करावा लागला. तळ्याकाठी याचा फलक असायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

उन्हं कलली की डिचोलीला नमाजगाह बघा. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर 1681मध्ये संभाजीराजांच्या आश्रयाला आला आणि काही काळ डिचोलीत राहिला. नमाजगाह त्याच काळातली मानली जाते. उघडी जागा, पश्चिमेकडे नमाजाची भिंत, बस्स. 1683मध्ये संभाजीराजांनी फोंड्याला पोर्तुगिजांना मागे रेटलं आणि जुवे बेट घेतलं, तेव्हाच्या धामधुमीत हा शहजादा इथेच वावरत होता. 1687मध्ये तो जहाजाने इराणला गेला आणि परत आलाच नाही. बघायला दहा मिनिटं पुरतात, पण चुकवू नका. स्मारक संरक्षित आहे. भिंतीवर चढून फोटो काढणारे दिसले तर दोन शब्द बोलायला कचरू नका.

वेळ उरला तर साखळीजवळ हरवळ्याची लेणी आहेत. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. चिऱ्याच्या कातळात कोरलेली दालनं, त्यांत शिवलिंगं, आणि जवळच रुद्रेश्वराचं देऊळ व धबधबा. धबधबा बघायचा तर जुलै ते ऑक्टोबर. मार्चनंतर पाणी आटतं आणि मग लेण्यांपुरतंच जावं. धबधब्याच्या कुंडात पोहू नका, कितीही शांत दिसलं तरी.

आमची वाट स्वतःच्या गाडीने होती. कदंब बसने यायचं तर पणजी किंवा म्हापशाहून डिचोली सोपी आहे, पण पुढे नार्वे-मये फिरायला रिक्षा दिवसभराची ठरवून घ्या आणि भाडं आधीच बोला. परतताना मयेहून चोडण आणि तिथून रायबंदरची फेरी हा जवळचा मार्ग. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांच्या गाड्यांनी ही रांग लांबते. बरोबर वयस्कर माणसं असतील किंवा पणजीहून रात्रीची बस धरायची असेल, तर सरळ डिचोली-म्हापसा रस्त्याने या.