तिसरा स्पोकही गेला, पण कारण सापडलं

सायकल दौऱ्याचा बारावा दिवस, सकाळचे जेमतेम नऊ किलोमीटर. सपाट रस्ता, वारा पाठीशी, आणि मागून पुन्हा तोच आवाज: टण्ण! उतरून बघायच्या आधीच कळलं, कारण रिम ब्रेकला घासायला लागली होती. मागचं चाक, उजवी बाजू, हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) अडकणाऱ्या वाकड्या टोकापाशी, म्हणजे कोपरापाशी, तुटलेला स्पोक. तिसरा.

पहिले दोन तुटले तेव्हाच्या दोन नोंदींत मी सगळा दोष सामानाच्या वजनाला दिला होता. म्हणून तंबू आणि भांडी पुढच्या पॅनियरमध्ये (चाकाच्या बाजूला लटकणाऱ्या पिशव्यांत) हलवली, पाणी फ्रेमवर घेतलं, मागे फक्त कपडे आणि स्लीपिंग बॅग ठेवली. तरी तुटला, तोही खड्डा नसताना. पुढचं मोठं गाव ६० किलोमीटरवर, आणि नकाशातली जवळची वाट प्रत्यक्षात ओढ्याच्या पात्रात उतरत होती. झाडाखाली सामान सोडलं, सायकल उलटी केली आणि ठरवलं, आज नुसता स्पोक बदलून निघायचं नाही.

उजवा स्पोक घालायचा तर कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, काढावी लागते. ती धरून ठेवणारी कडी म्हणजे लॉकरिंग. इथे ती सोडवायचा माझा छोटा पाना पुन्हा कामाला आला. लॉकरिंगमध्ये बसवायचा, चाक फ्रेममध्ये परत लावायचं आणि पायडल हाताने पुढे दाबायचं. पाना फ्रेमला अडतो, लॉकरिंग सुटते. घट्ट करताना चाक मागे फिरवायचं. लांबच्या दौऱ्यावर हा पाना नसेल तर उजवे सुटे स्पोक सोबत असून उपयोग नाही. केव्हलारच्या दोरीचा तात्पुरता स्पोकही माझ्याकडे आहे, पण तो गावापर्यंत पोचण्यापुरता.

नवा स्पोक ताणताना सहज शेजारचे स्पोक बोटाने छेडले, मग पुढच्या चाकाचे. आणि थबकलोच! दोन्ही चाकांचे स्पोक एकाच जाडीचे, लांबीही जवळपास सारखी. डिशमुळे, म्हणजे कॅसेटला जागा देऊनही रिम मधोमध राहावी म्हणून उजवे स्पोक जास्त उभे बसतात त्यामुळे, मागच्या उजव्या बाजूला ताण सर्वांत जास्त हवा, म्हणजे तिचा सूर पुढच्या चाकापेक्षा चढा लागायला हवा. तो चक्क उतरलेला होता. डावे स्पोक तर नुसते थडथडत होते.

म्हणजे चाक पहिल्यापासून सैल बांधलेलं. चाकाची प्रत्येक फेरी होताना खाली आलेल्या स्पोकचा ताण कमी होतो, वर गेला की परत येतो. मूळ ताणच कमी असेल तर तो खाली पुरता ढिला पडतो आणि कोपर फ्लँजच्या (हबच्या कडेच्या चकतीच्या) भोकात हलतं. ३५ मिमी टायरवर एका किलोमीटरला साधारण ४६० फेऱ्या, म्हणजे हजार किलोमीटरला साडेचार लाखांहून जास्त. तार वाकवून वाकवून तोडतो तसंच हे, फक्त फार सावकाश. चाक बांधून देणाऱ्याने आऊट, म्हणजे रिमची डगमग, अगदी नीट काढला होता, म्हणून मला शंकाच आली नाही. आऊट नसलेलं चाक मजबूत असतंच असं नाही, हे मला आता कळतंय.

मग चार तास तेच. प्रत्येक निपलला (स्पोक रिमपाशी ताणणाऱ्या छोट्या नटाला) तेलाचा थेंब, उजवीकडे अर्धा फेरा, डावीकडे पाव फेरा, पुन्हा तेच. आऊट बघायला फ्रेमला केबल टाय बांधून तिचं टोक रिमपाशी आणलं. डिश बघायला चाक फ्रेममध्ये उलटं घालून पाहिलं. शेवटी हातमोजे घालून समांतर स्पोकच्या जोड्या पूर्ण जोराने दाबल्या, सगळीकडून, तीनदा. मल्टिटूलमधल्या स्पोक चावीवर विसंबू नका, ती निपलचे कोपरे खाते. मापाची वेगळी चावी घ्या आणि निपल पितळीच घ्या. ॲल्युमिनियमचे असते तर त्या दुपारी निम्मे गोल झाले असते.

निघताना पहिल्या शंभर मीटरमध्ये चाक टिंग टिंग करत राहिलं, पीळ सुटल्याचा आवाज. नंतर शांत. त्यानंतर २८० किलोमीटर झाले, त्यातले ४० निव्वळ खडीचे, आणि काल खिंडीचा चढ २२-३६ वर (पुढे २२ दाते, मागे ३६), पायडलच्या एका फेरीला जेमतेम १.३ मीटर सरकत, एकदाही न उतरता चढलो. वर पोचल्यावर आधी स्पोक छेडून पाहिले. सूर जिथे होता तिथेच! दरीकडे नंतर बघितलं.

उद्या पहाटे उत्तरेच्या पठाराकडे निघायचं ठरलं होतं. पण हे लिहिताना तिन्ही तुटके स्पोक समोर ठेवले आणि दिसलं की तिन्ही एकाच जातीचे आहेत: डोकं फ्लँजच्या आत, कोपर बाहेर. बाहेरची कोपरं बांधताना फ्लँजला दाबून बसवली नसावीत. आत्ता चाकावर टॉर्च मारून पाहिलं, आणखी दोन तशीच फुगीर दिसतायत. त्या जातीचे नऊपैकी सहा जुनेच आहेत, आणि उजव्या मापाचे सुटे माझ्याकडे तीनच उरलेत. तेव्हा पठार दोन दिवस पुढे. उद्या कॅसेट परत काढतो, सहाही कोपरं दाबून बसवतो आणि ती दोन फुगीर आधी बदलतो. अशी जुनी कोपरं दाबल्यावर पुढे किती टिकली, हा अनुभव कुणाकडे असेल तर आज रात्रीच सांगा, कारण सकाळी मी चाक खोलणार आहे.